कॉर्डला स्केल कशी मिळाली

जॅझ शिकायला बसलेल्या विद्यार्थ्यापुढे सुरुवातीलाच तीन कॉर्ड्स येतात: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. क्लासच्या भाषेत ‘टू-फाइव्ह-वन’. ब्रॉडवेच्या जुन्या गाण्यांपासून बीबॉपपर्यंत हा तुकडा पावलोपावली भेटतो, म्हणून तो बाराही पट्ट्यांत बोटांवर बसवून घेतात. पाठोपाठ येतं एक कोष्टक. डी मायनरवर डोरियन वाजवायची, जी सेव्हनवर मिक्सोलिडियन, सी मेजरवर आयोनियन. प्रत्येक कॉर्डला तिची स्केल. हा धडा आता इतका रुळला आहे की तो जॅझइतकाच जुना वाटतो. प्रत्यक्षात लुई आर्मस्ट्राँग आणि चार्ली पार्कर यांच्या शिकण्याच्या वयात हे कोष्टक अस्तित्वातच नव्हतं.

स्केल्सची नावं मात्र फार जुनी आहेत. मध्ययुगातल्या चर्चगायनाच्या अभ्यासकांनी ती ग्रीकांकडून घेतली. १५४७ साली हाइन्रिख ग्लारेआन या स्विस पंडिताने आपल्या ‘डोडेकाकॉर्डॉन’ या ग्रंथात आयोनियन आणि एओलियन या घराण्यांची भर घातली आणि एकूण संख्या बारावर नेली. पण तिथे एक स्केल म्हणजे अख्ख्या चालीचा पाया. दर बारला बदलणाऱ्या कॉर्डला त्यातली एकेक नेमून द्यायची, ही कल्पना विसाव्या शतकातली आणि अमेरिकेतली.

त्याआधी वादक कॉर्डच्या सुरांवरून चालत आणि कानाने शिकत. १९३९ साली कोलमन हॉकिन्सने ‘बॉडी अँड सोल’ वाजवलं, तेव्हा मूळ चाल लवकरच मागे टाकून कॉर्ड्सच्या सुरांतून नवीच ओळ रचली. पार्कर १९३७ च्या उन्हाळ्यात मिसुरीतल्या ओझार्कच्या डोंगराळ भागात लेस्टर यंगच्या रेकॉर्ड्स पुन्हा पुन्हा ऐकून त्याचे सोलो उतरवत होता.

त्यांच्या कानाला काय सापडत होतं, हे आपल्या सुरांत सहज पाहता येतं. सी म्हणजे सा धरला, तर डी मायनर सेव्हन म्हणजे रे-म-ध-सा, जी सेव्हन म्हणजे प-नी-रे-म आणि सी मेजर सेव्हन म्हणजे सा-ग-प-नी. प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या सुरापासून सप्तकात ओळीने मोजावं आणि तिच्यातला तिसरा आणि सातवा सूर तेवढा उचलावा. पहिल्या कॉर्डचे म आणि सा. दुसरी कॉर्ड येताच म जागेवर राहतो, सा अर्ध्या सुराने उतरून नी होतो. तिसरी येताच नी राहतो, म अर्ध्या सुराने उतरून ग होतो. एकाने थांबायचं, दुसऱ्याने सरकायचं. एवढे सूर गुणगुणले, तरी खाली पियानो नसताना कॉर्ड्स बदलल्याचं ऐकू येतं.

स्केलचा विचार ज्याने मांडला तो जॉर्ज रसेल. १९२३ साली सिनसिनाटीत जन्मलेला हा ड्रमवादक चाळिशीच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बीबॉपवाल्यांच्या सहवासात होता. संगीतातलं तुझं ध्येय काय, असं त्याने तरुण माइल्स डेव्हिसला एकदा विचारलं. सगळ्या ‘चेंजेस’, म्हणजे सगळ्या कॉर्ड्स शिकायच्या आहेत, असं उत्तर आलं. माइल्सला कॉर्ड्स चांगल्याच येत होत्या, हे रसेलला ठाऊक होतं. मग याला आणखी काय हवंय? कॉर्डशी अधिक जवळचं नातं जोडायची वाट तो शोधत असावा, असा अर्थ रसेलने लावला. त्याच सुमारास क्षयाने त्याला गाठलं आणि न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात वर्षाहून अधिक काळ काढावा लागला. त्या सक्तीच्या विश्रांतीत तो या प्रश्नामागे लागला.

त्याचं उत्तर हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला लगेच उमजेल. सापासून निघून पंचमाच्या अंतराने वर चढत जावं: सा, प, रे, ध, ग, नी आणि मग तीव्र मध्यम. हे सात सूर एका सप्तकात ओळीने मांडले की कल्याण थाट तयार होतो. पाश्चात्त्य भाषेत हीच लिडियन. रसेलचं म्हणणं असं की सी मेजर कॉर्डशी पूर्ण एकजीव होते ती हीच स्केल. नेहमीच्या मेजर स्केलमधला शुद्ध मध्यम त्या कॉर्डवर अस्वस्थ वाटतो, तीव्र मध्यम विसावतो. या बीजातून त्याने सगळ्या कॉर्ड्सची व्यवस्था उभी केली आणि १९५३ मध्ये ‘लिडियन क्रोमॅटिक कन्सेप्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जॅझ वादकाने जॅझच्या अनुभवातून रचलेल्या पहिल्या मोठ्या सिद्धान्तांपैकी तो एक.

१९५९ साली माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममध्ये ही दिशा सर्वांना ऐकू आली. त्यातल्या ‘सो व्हॉट’चे ३२ बार आहेत. पहिले १६ डी डोरियनमध्ये, पुढचे आठ अर्धा सूर वर ई फ्लॅटवर, शेवटचे आठ पुन्हा डीवर. तिथे पियानोवर असलेल्या बिल इव्हान्सने आधी रसेलच्या रचना वाजवल्या होत्या.

रेकॉर्डवरून हा विचार वर्गात गेला तो माणसांच्या हातून. मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावी १९५७ ते १९६० या काळात जॅझची उन्हाळी शाळा भरे. तिथे रसेलने शिकवलं, आणि तिथे आलेला ट्रॉम्बोनवादक डेव्हिड बेकर पुढे त्याच्या बँडमध्ये वाजवू लागला. जबड्याच्या दुखापतीमुळे त्याला ट्रॉम्बोन सोडावा लागला, तेव्हा त्याने चेलो हाती घेतला आणि १९६६ पासून इंडियाना विद्यापीठात जॅझ शिकवलं. या विचाराला सामावणारे वर्गही तयार होत होते. बॉस्टनमध्ये लॉरेन्स बर्कने १९४५ साली काढलेली शाळा १९५४ मध्ये ‘बर्कली’ झाली. टेक्सासमधल्या डेंटनच्या कॉलेजात १९४७ पासूनच ‘जॅझ’ हा शब्द टाळून नृत्यबँडची पदवी मिळत होती. १९६७ मध्ये इंडियानाच्याच जेमी एबरसोल्ड या सॅक्सोफोनवादकाने सरावाची रेकॉर्ड काढली. सोलोची जागा मोकळी, साथ तयार, आणि एका कानात बेस तर दुसऱ्या कानात पियानो, म्हणजे त्या वादकांना आपला भाग बंद करून सराव करता यावा. त्याच्या पुस्तकांतून कॉर्ड आणि स्केलचं कोष्टक घरोघरी पोचलं.

कोष्टक जिंकलं, कारण ते फळ्यावर लिहिता येतं आणि त्याची परीक्षा घेता येते. मोठ्या बँडांचा जमाना ओसरला होता. जुन्या वादकाशेजारी बसून रात्रीमागून रात्र वाजवण्याची संधी तरुणांना मिळेनाशी झाली होती, ती जागा कोष्टकाने भरली. या प्रवासात रसेलचा गाभा मात्र गळाला. सी मेजरसमोर कोष्टकात आयोनियनच पहिली बसली आणि त्याची लाडकी लिडियन पर्यायांच्या रांगेत गेली.

डेट्रॉइटचा पियानोवादक बॅरी हॅरिस (१९२९–२०२१) आयुष्यभर वेगळ्या वाटेने शिकवत राहिला. त्याचा एक पाठ वाजवून पाहावा. जी सेव्हनवर वरच्या पंचमापासून एका बारमध्ये आठ सूर उतरत यायचं: प-म-ग-रे-सा-नी-ध-प. मात्रांवर पडतात प, ग, सा, ध, आणि ऐकू येते भलतीच कॉर्ड. आता प आणि म यांच्यामध्ये तीव्र मध्यम घालावा: प, तीव्र म, म, ग, रे, सा, नी, ध. मात्रांवर येतात प, म, रे, नी. नेमकी जी सेव्हन. पार्करच्या ओळी कॉर्डला घट्ट धरून का चालतात, याचा मोठा उलगडा त्या एका वाढीव सुरात आहे, आणि कोष्टकाच्या चौकटीत त्याला जागा नाही.

म्हणून नव्या विद्यार्थ्याने ही कुळकथा माहीत करून घ्यावी. कोष्टक खोटं नाही. पण ते ज्याच्या प्रश्नातून निघालं, त्या माइल्सला कॉर्ड्स आधीच तोंडपाठ होत्या. आज आपण शेवटची पायरी पहिली म्हणून चढायला देतो आणि मग सोलो स्केलच्या चढउतारासारखे वाजतात. आधी प्रत्येक कॉर्डचे चार सूर गळ्यातून काढावेत, मग तिसऱ्या-सातव्या सुरांचा धागा गावा, लेस्टर यंगचा एखादा सोलो कानाने उतरवावा. त्यानंतर कोष्टक उघडावं. रसेलने जे शोधलं ते तेव्हाच खऱ्या अर्थाने कामी येतं.