लस कुणाच्या दंडातून आली?

कडेगाव परिसरात साठी ओलांडलेल्या कुणाचाही दंड पाहा. टोचणीचा गोल व्रण दिसेल. आपली माणसे त्याला 'देवी काढल्या' म्हणतात. रोगाचे नाव देवी आणि लसीचे नावही देवी! या व्रणामागे जातीचा इतिहास आहे, आणि तो आम्हाला शाळेत कुणी शिकवला नाही.

14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली लस. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावर फोड उठला की आठवड्याभराने त्यातला द्रव काढून दुसऱ्याला टोचत. बगदाद, बसरा, मुंबई असा प्रवास लसीने माणसांच्या दंडावरूनच केला.

आता प्रश्न विचारा, हे दंड कुणाचे होते? पुढे देशभर टोचणी सुरू झाली तेव्हा उच्चवर्णीय आपल्या मुलांच्या दंडातून द्रव काढू देईनात. मग त्यासाठी बहुतेक करून गोरगरिबांची, अस्पृश्यांची मुले धरली जात. पण त्याच मुलांचा द्रव आपल्या अंगात गेला तर विटाळ होतो, अशी तक्रारही उच्चवर्णीयच करत. म्हणजे देशाची लस जिवंत ठेवायला आमची लेकरे चालत होती, त्यांचा स्पर्श मात्र चालत नव्हता. पुढे वासराच्या अंगावर लस वाढवू लागले. बेळगावचा व्हॅक्सिन डेपो त्याच कामासाठी उभा राहिला.

त्या काळात टोचणीवाला दिसला की वस्तीतल्या आया मुले लपवत. याला केवळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण फोड पुन्हा फोडताना मूल कळवळायचे, जखम चिघळायची, आणि एकाच्या अंगातला दुसरा रोगही पुढच्याला लागायचा. त्यांच्या भीतीला कारण होते.

दुसरीकडे रोगाची सगळी धार्मिक वेठ आमच्याच माथी मारली होती. पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर न्यायचा. पोतराजाने अंगावर आसूड ओढायचे. गाव वाचावे म्हणून रक्त आमचे, आणि गावाची विहीर मात्र आम्हाला बंद!

मग प्लेग आला. 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, 10 मार्च 1897 रोजी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीमाई पुण्यात प्लेगने गेली. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिने डॉ. यशवंतच्या दवाखान्यात आणले होते. लस निघणे वेगळे आणि ती वस्तीपर्यंत पोचणे वेगळे, हा धडा तिथे आहे. कडेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. याच कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे वडीलही त्यांच्या लहानपणीच प्लेगने गेले.

बाबासाहेबांनी हे चित्र दोन बाजूंनी मोडले. संविधानाच्या कलम 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. आणि 1956 च्या धम्मदीक्षेने मरीआईचा गाडा आमच्या खांद्यावरून उतरवला. 1975 नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. कुठल्या देवीच्या कोपाने नव्हे, वाडी-वस्तीवर फिरलेल्या परिचारिका आणि आशाताईंच्या पायांनी हे घडले.

पण काम संपलेले नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 12 ते 23 महिन्यांच्या सुमारे 76 टक्के मुलांचेच लसीकरण पूर्ण होते. उरलेली मुले कुणाची असतील? कडेगावच्या फडात ऊस तोडायला आलेल्या आईच्या पालावर जाऊन पाहा. लसीचे कार्ड मागे गावी राहते आणि डोस चुकतो.

म्हणून हे पाठ करा. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस. 6 आणि 14 आठवड्यांना न्यूमोनियाची लसही. 9 महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, 16 ते 24 महिन्यांत तिचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर. 5-6 वर्षांना पुन्हा बूस्टर. 10 आणि 16 वर्षांना टीडी, गरोदरपणातही टीडी. हे सगळे सरकारी केंद्रात मोफत आहे. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. जिथून राहिला तिथून पुढे, आणि तोही कुठल्याही सरकारी केंद्रात. मुलींना 9 ते 14 या वयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस द्यावी, असे तज्ज्ञ सांगतात.

आणि म्हातारपण? फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस साठीनंतर घ्यावी, असा सल्ला आहे. पण या लसी बहुतेकांना विकतच घ्याव्या लागतात. आयुष्यभर रोजंदारी केलेल्या आजीने त्यासाठी पैसे कुठून आणायचे? गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला धनुर्वात आणि कावीळ-ब ची लस मिळते का, हे कोण विचारणार?

आपण विचारायचे. येत्या जयंतीला मिरवणुकीच्या बरोबरीने वस्तीची यादी करू. कुठल्या मुलाचा कुठला डोस राहिला, कोण वृद्ध आहे, कोण सफाई कामगार आहे, हे वहीत लिहू आणि ती वही घेऊन आरोग्य केंद्रात आणि नगरपंचायतीत जाऊ. ज्यांच्या लेकरांच्या दंडावर ही लस जगली, ते ती भीक म्हणून मागत नाहीत, हक्क म्हणून मागतात.

जय भीम!