निवेदकाचा कल (शब्दनिवडीतून ओळखण्याचे अध्यापन)

निवेदकाचा कल : कथा, इतिहास, बातमी किंवा पंचनामा सांगणारा कोणाच्या बाजूने उभा आहे, हे त्याने उघड न सांगताही त्याच्या शब्दांतून उमटते, त्या उमटण्याला निवेदकाचा कल म्हणतात. तो हेरायला शिकवणे हे भाषेच्या शिक्षकाचे काम मानले जाते, पण इतिहासाच्या तासालाही ते तितकेच लागते. कल म्हणजे लबाडी नव्हे. प्रामाणिक निवेदकालाही कल असतो, आणि बहुधा त्याचा त्यालाच पत्ता नसतो.

मराठीत अशा वाचनाचा वस्तुपाठ एका विद्यार्थ्यानेच घालून दिला. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत प्रसिद्ध केला. कॅप्टन डेव्हिड केपनने त्याचे मराठी भाषांतर केले आणि ‘मराठ्यांची बखर’ म्हणून ते शाळांतून वाचले जाऊ लागले. राज्य घालवून बसलेल्यांची मुले जिंकणाऱ्याच्या शब्दांत आपल्याच आजोबांची हकिकत पाठ करत होती. पुढे 1867–68 च्या सुमारास डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी या ग्रंथावर टीका लिहिली. छापील ग्रंथ, तोही साहेबाचा, म्हणजे प्रमाण, असे मानण्याचा तो काळ. त्यात एका तरुणाने ‘हे कोण सांगतो आहे?’ असे विचारणे ही लहान गोष्ट नव्हती.

ग्रँट डफचा कल त्याच्या एका उपमेत सापडतो. मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीच्या रानात वाळल्या गवताने पेट घ्यावा तसा दिसला. वणवा कोणी ठरवून लावत नाही. तो लागतो, पसरतो, विझतो. म्हणजे एका उपमेसरशी शिवाजी महाराजांची योजना, कारभार, माणसे जोडणे हे सगळे चित्रातून बाहेर गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1900 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरील इंग्रजी ग्रंथात याला उत्तर दिले आणि प्रकरणांच्या नावांतच वेगळे चित्र उभे केले : जमीन तयार झाली, बी पेरले, झाड फुलले, फळाला आले. वणव्याच्या जागी शेती आली. शिकवणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. ग्रँट डफचा कल मुले चटकन पकडतात, कारण तो परका आहे. रानड्यांची शेतीही उपमाच आहे, तिलाही बाजू आहे, आणि पेरणाऱ्याच्या हातून न घडलेल्या गोष्टी ती झाकते, हे मुलांकडून वदवून घेणे अवघड जाते. ते जमले नाही तर धडा नुसता देशाभिमानाचा होतो.

कीर्तन्यांच्या टीकेच्याच काळात, 1869 मध्ये, जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा रचला. फुल्यांचा राजा ‘कुळवाडीभूषण’ आहे. दुसऱ्या परंपरेतला तोच राजा ‘गोब्राह्मणप्रतिपालक’. राजा एकच, गड तेच, लढायाही त्याच. एका विशेषणातून कसणारा कुणबी बोलतो, दुसऱ्यातून धर्मरक्षणाची अपेक्षा करणारा वर्ग. फुले आपला कल लपवत नाहीत, हे त्यांचे बळ. म्हणून वर्गात त्यांचे लेखन आधी घ्यावे आणि तटस्थपणाचा आव आणणारे लेखन नंतर.

1857 बद्दलही असेच. झाशीच्या वेढ्यात सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’च्या उपशीर्षकात ‘बंड’ हा शब्द आहे. विनायक दामोदर सावरकरांच्या 1909 च्या ग्रंथाच्या नावातच ते ‘स्वातंत्र्यसमर’ झाले. मात्र एका शब्दावरून गोडसे भटजींना इंग्रजधार्जिणे ठरवणारा विद्यार्थी चुकतो. गोडसे यांचे पुस्तक 1907 मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी बरेच फेरफार करून छापले होते. तेव्हा शब्द निवेदकाचा की संपादकाचा, हा प्रश्न आधी.

मराठीत कल फक्त नामा-विशेषणांत राहत नाही. आदरार्थी अनेकवचन हे त्याचे सर्वांत मोठे घर. एकाच बातमीत आमदार ‘रवाना होतात’ आणि आरोपी ‘पसार होतो’. कर्ताच गाळणारी रचना दुसरी : ‘गोळीबार झाला’. ‘सौम्य लाठीमार करावा लागला’ हे वाक्य तर नमुनेदार. ‘सौम्य’ मार हलका करतो आणि ‘लागला’ मारणाऱ्यालाच अगतिक ठरवतो. ‘म्हणे’, ‘मात्र’, ‘तर’, शब्दाला चिकटणारा ‘च’ ही बारीक अव्ययेही तपासावीत. ‘त्याला म्हणे बरे नव्हते’ या वाक्यात ‘म्हणे’ काढून पाहिले की आजारी माणूस खरा आजारी होतो.

वर्गासाठी पाठ्यपुस्तकापलीकडचा मजकूर गावातच मिळतो. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा घ्या. सोयाबीन-तुरीचा हा मुलूख, आणि नीलगायीला इथे रोही म्हणतात. कळपाने पीक खाल्ले, या एका घटनेची तीन निवेदने शिक्षकाने फळ्यावर लिहावीत. शेतकरी : ‘रोह्यांनी वावर साफ केलं.’ पंचनामा : ‘वन्यप्राण्यांमुळे पिकाचे अंशतः नुकसान झाल्याचे आढळून आले.’ निसर्गलेखक : ‘पहाटेच्या धुक्यात नीलगायींचा कळप शिवारात उतरला.’ पहिल्यात उरलेसुरलेही गेले. दुसऱ्यात ‘अंशतः’ हा शब्द भरपाईची रक्कम ठरवतो आणि ‘आढळून आले’ म्हणताना बघणारा कर्मचारी अदृश्य होतो. तिसऱ्यात नुकसानच नाही, ‘उतरला’मुळे कळप पाहुण्यासारखा आला आहे. मग मुलांना विचारावे : घडलेली गोष्ट तीच ठेवून कोणते शब्द बदलता येतात? जे बदलता येतात, त्यांत कल शोधावा. किती गुंठे पीक गेले, हा आकडा बदलता येत नाही. तो तिन्ही वाक्यांत नाही, हेही त्याच वेळी दिसते. गाळलेली गोष्ट हा कलाचाच भाग आहे, पण नुसत्या शब्दांवर नजर ठेवणाऱ्याच्या हातून ती निसटते.

समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. त्यासाठी जमीन ‘दिली’, ‘घेतली’ की ‘गेली’, एवढ्या तीन क्रियापदांवर एक तास सहज निघतो. महामार्गाच्या नावातच निकाल लिहून ठेवला आहे, हे नववीतल्या मुलाच्या लक्षात येते. तसेच ‘कर्जबाजारी’, ‘थकबाकीदार’ आणि ‘आत्महत्याग्रस्त जिल्हा’. शेवटचा शब्द बाहेरचा. तो वाशीमकडे दुरून पाहतो.

ललित साहित्यात निवेदक आणि लेखक वेगळे ठेवावे लागतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) गोष्ट सांगणारा तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर बाहेरून आलेला आहे. वस्ती दिसते ती त्याच्या डोळ्यांनी, आणि त्याची नजर पुस्तकभर बदलत जाते. त्याचे शब्द सुरुवातीला कसे आहेत आणि शेवटाकडे कसे, हे ताडून पाहणे हा माध्यमिक वर्गासाठी चांगला पाठ आहे. मास्तराचे मत ते माडगूळकरांचे मत, असे लिहिणाऱ्या उत्तराला गुण देऊ नयेत.

या अध्यापनाचा एक दुष्परिणाम ठाऊक असावा. सवय लागली की मुलांना प्रत्येक विशेषणात कट दिसू लागतो आणि ‘सगळेच एकतर्फी’ म्हणून ती मोकळी होतात. याला उपाय एकच : परक्याच्या मजकुरावर हात बसला की मुलांना स्वतःच्या भांडणाची हकिकत लिहायला लावावी, वही शेजारच्या बाकावर द्यावी, आणि शेजाऱ्याने त्यातले ‘म्हणे’ व ‘च’ अधोरेखित करावेत.