बलुते, बक्षीस आणि कंत्राट : वाढीव कामाच्या मोबदल्याचा विचार

मीरा-भाईंदर शहराच्या हाटकेश भागात सदनिकांच्या दुरुस्तीची कामे आज बहुधा कंत्राटाने होतात. काम चालू असता घरमालक जाता-येता एखादी जादा फळी, न्हाणीघरात आणखी एक नळ, गच्चीकडील भिंतीला गिलावा असे काहीबाही सुचवितो. कंत्राटदारही फारशी वाच्यता न करता ते करून देतो. हिशेब चुकता करावयाची वेळ आली म्हणजे प्रश्न पडतो की, ठरल्या रकमेवर त्याला काही बक्षीस द्यावे काय? प्रश्न किरकोळ खरा. परंतु तो ज्या शब्दात विचारला जातो त्या शब्दातच खरी मेख आहे. वाढीव काम हा बक्षिसाचा विषय आपल्याकडे नव्हता, तो मोलाचा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हाटकेश ज्या साष्टी बेटावर वसले आहे, ते १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेले आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेतले. 'कंत्राट', 'मेस्त्री' आणि 'पगार' हे बांधकामावर नित्य ऐकू येणारे तिन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आलेले आहेत. 'बक्षीस', 'इनाम' व 'शिरपाव' हे शब्द मात्र फारसी-अरबी वळणाचे, दरबाराच्या व्यवहारातून आलेले. हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नव्हे. कंत्राटात दोन्ही पक्ष निदान कागदावर तरी समान असतात. बक्षिसात देणारा वर आणि घेणारा खाली असतो, आणि किती द्यावयाचे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते.

या दोहोंहून निराळी अशी तिसरी व्यवस्था म्हणजे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात तिचे तपशीलवार चित्र आढळते. सुतार व लोहार हे थोरल्या ओळीचे बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती त्यांनी वर्षभर करावयाची आणि सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्य न्यावयाचे. परंतु नवी गाडी बांधणे किंवा घर उभारणे हे सामान्यतः बलुत्यात मोडत नसे. त्याचा ठराव वेगळा होई आणि मोबदलाही वेगळा मिळे. नेमून दिलेले काम कोठे संपते आणि जादा काम कोठे सुरू होते, याची जाण कागदपत्राविनाही गावाला होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

म्हणून बलुत्याचे गोडवे गावेत असे मात्र नाही. जेथे ही सीमारेषा आखलेलीच नव्हती, तेथे काय होत असे, ते महार वतनाच्या इतिहासात दिसते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. त्यांच्या तक्रारीचा गाभाच असा होता की, वतनदार महाराच्या कामाला ना ठरीव वेळ, ना ठरीव स्वरूप. तो स्वतः हजर नसेल तर त्याच्या घरच्यांनी ते काम करावयाचे. कामाला मर्यादा नाही आणि मोबदला मात्र तुटपुंजा, अशी ही स्थिती होती. ही वतने पुढे १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. 'एवढे तर करून दे' या लाघवी वाक्यामागे किती जुना अन्याय दडलेला असू शकतो, हे या उदाहरणावरून कळावे.

बक्षिसाच्या बाजूने सामान्यतः रायगडच्या हिरोजीची गोष्ट सांगितली जाते. गड बांधून झाल्यावर महाराजांनी काय हवे ते मागण्यास सांगितले असता त्याने द्रव्य न मागता केवळ आपल्या नावाची पायरी मागितली, अशी ती कथा. जगदीश्वर मंदिरातील शके १५९६ च्या संस्कृत शिलालेखात बांधणारा म्हणून हिरोजीचे नाव आहे, आणि त्याच्या नावाची पायरीही तेथे आहे, इतके निश्चित. मागण्याचा प्रसंग मात्र लोकपरंपरेतला आहे. शिवाय ती परंपरा जशीच्या तशी मान्य केली तरी त्यातील बक्षीस हे मानाचे आहे. कामाची मजुरी त्यात कोणी वळती करून घेतलेली नाही.

कायद्याची दृष्टीही याहून फार वेगळी नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे ७० वे कलम सांगते की, फुकट करण्याचा हेतू नसता एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात हाच प्रश्न उपस्थित झाला होता. १९४४ साली हुगळी जिल्ह्यातील आरामबाग येथे एका बांधकाम संस्थेने नागरी पुरवठा खात्यासाठी गोदामे बांधली. त्यांचे पैसे मिळाले. त्यानंतर अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून केलेल्या पुढील बांधकामांचे पैसे मात्र, करार विहित नमुन्यात नाही या सबबीवर, नाकारण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६१ मध्ये संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी त्यात एक मर्यादाही स्पष्ट केली: काम नाकारण्याची मोकळीक समोरच्याला असली पाहिजे, आणि दायित्व येते ते त्याने ते स्वीकारून उपभोगल्यावर.

ही मर्यादा हाटकेशच्या घरमालकालाही उपयोगी पडेल. कंत्राटदाराने न विचारता केलेली सजावट, किंवा स्वतःची चूक दुरुस्त करण्यासाठी पुन्हा घातलेली फरशी, यांचे मोल मागता येणार नाही. परंतु मालकाच्या तोंडी सांगण्यावरून घातलेल्या नळाचे पैसे हे देणे आहे, दान नव्हे. ते अंतिम हिशेबात दर लावूनच मांडले पाहिजेत. बक्षीस द्यावयाचेच असेल तर कंत्राटदार हा त्यासाठी योग्य मनुष्य नव्हे. त्याने आपला नफा आधीच धरलेला असतो. चौकट बसविताना सुताराच्या हाती नारळ आणि रोख काही ठेवण्याची, वास्तुशांतीला गवंड्याला वस्त्र देण्याची जी रीत अनेक ठिकाणी पाळली जाते, तिच्यात हात राबविणारा आणि हातात घेणारा एकच असतो. नाक्यावरून रोजंदारीने आलेल्या मजुराच्या बाबतीत हे अधिकच लागू आहे, कारण जादा कामाचे पैसे कंत्राटदाराला मिळाले म्हणून त्याच्या रोजात चार आणे वाढतीलच, असा काही नेम नाही.