सावकाराची वही आणि कुळाचा हक्क

एकोणिसाव्या शतकात सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची सगळी आर्थिक माहिती सावकाराच्या घरी असे. कर्ज किती, व्याज कसे चढले, काय गहाण पडले, हे रोख्यांत आणि खतावणीत नोंदलेले असे आणि नोंदणारा सावकारच असे. बहुतेक कुळांना अक्षरओळख नव्हती. रोख्याखाली नांगराची निशाणी केली की मजकूर मान्य झाला असे धरत. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने अडचण वाढवली. रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. त्यात कोणता आकडा शिरला हे कुळाला पडताळता येत नसे.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उठाव झाला आणि त्याचे लोण नगरकडे पसरले. जमावाला हवी होती ती कागदपत्रे. ती हाती आली की सावकाराच्या जिवाला सहसा धक्का लागत नसे. त्याच वर्षी सप्टेंबरात कोकरूड गावी सावकाराचे घर लुटून त्याचे कागद जाळण्यात आले. कोकरूड तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले, आणि आज हे गाव सांगलीच्या शिराळा तालुक्यात आहे.

या उठावाच्या चौकशी आयोगानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. रोख्यामागचा हिशेब मुळापासून तपासण्याची मुभा न्यायालयांना मिळाली. शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्राम निबंधकासमोर होऊ लागले. याहून मोलाची कलमे मात्र जमीन आणि व्याजाच्या चर्चेत मागे पडतात: भरलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाला हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क ठरला. दुसऱ्याच्या वहीतली आपली नोंद पाहण्याचा अधिकार या भागातल्या कुळांना असा कायद्याने मिळाला. ती नोंद इतरांपासून गुप्त राखण्याचा प्रश्न त्या कायद्याने हाताळला नाही.

तो प्रश्न सुटायला फार काळ गेला. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तोवर कर्जाची वही मोबाइल ॲपमधून दूरच्या सर्व्हरवर गेली होती आणि काही ॲप कर्जदाराच्या फोनमधले संपर्क क्रमांक आणि फोटोही मागत होती. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत याला मनाई केली आणि माहिती भारतातल्याच सर्व्हरवर ठेवण्यास सांगितले. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला लावण्याचा अधिकार दिला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि माहिती बाळगणाऱ्या कंपन्यांना मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली.