कुत्र्याचे भांडे

गेल्या पावसाळ्यात कुरुंद्याच्या आमच्या घरी एक पिलू आले. शेजारच्या आखाड्यावरील कुत्रीला पाच झाली होती, त्यांतले हे पिवळसर, पांढऱ्या पायांचे. पुतणी शाळकरी असली तरी यादी करण्यात वाकबगार आहे. पिलू दारात येऊन तासही झाला नसेल, तोच तिने मोबाइलमध्ये पाहून वहीच्या पानावर बारा कलमे लिहून काढली: गळपट्टा, साखळी, खाण्याचे भांडे, पाण्याचे भांडे, गादी, केस विंचरण्याचा ब्रश, शाम्पू, चावायचे हाड, रबरी चेंडू, पिशवीबंद खाद्य, जंताचे औषध आणि लसी. थोरल्या बंधूंनी ते पान चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, “एवढ्यात बैलाचा साज येतो.” त्यांनी हजार रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा काट मारण्याचे काम आमच्याकडे आले. गादीऐवजी गोणपाट, ब्रशऐवजी जुनी फणी, चेंडूऐवजी कापडाची गाठ अशी कलमे गळत गेली. भांड्यापाशी आल्यावर आई म्हणाली, “भांडं कशाला विकत आणायचं? माळ्यावर ती कपबशी पडलीय की.”

त्या कपबशीकडे आम्ही पुढे येऊ. आधी बंधूंच्या बोलण्यातल्या बैलाविषयी. पोळ्याच्या आदल्या बाजारात शेतकरी काय काय घेतो ते आठवावे: वेसण, म्होरकी, कासरा, दावे, गोंडे, घुंगरमाळ, झूल, शिंगांचा रंग. एकेका वस्तूला स्वतंत्र शब्द आहे, आणि तो शब्द बैलाचाच आहे; कासरा म्हटले की दुसऱ्या कोणत्या जनावराची आठवण होत नाही. कुत्र्यासाठी असा एकही शब्द आमच्या बोलीत सापडत नाही. साखळी आहे, पण ती दाराची. पट्टा आहे, पण तो कमरेचा, तलवारीचा किंवा जमिनीचा. दोरी तर सगळ्यांचीच. नावांच्या बाबतीत मात्र आपण भलतेच उदार! मोत्या, राजा, वाघ्या, खंड्या अशी मोत्यापासून देवापर्यंतची नावे आपण त्याला दिली. वस्तू एकही दिली नाही.

याचे कारण गरिबी असे म्हणून सुटता येईल, पण ज्यांच्या वाड्यावर दहा माणसांची पंगत रोज उठे त्यांच्याकडेही कुत्र्याचे भांडे नव्हते. कुत्रा घराचा असे, पण घरातला नसे. त्याला वाटा असे, मालमत्ता नसे. शिळी भाकरी कुस्करून, त्यावर ताकाचे पाणी किंवा वरणाचे निपटलेले ओतून ते एखाद्या फुटक्या खापरात, दगडाच्या खळग्यात, नाहीतर सरळ जमिनीवर टाकले जाई. वैश्वदेवाच्या शास्त्रातही कुत्र्याचा वाटा सांगितलेला आहे, आणि तो भूमीवरच ठेवावा असे सांगितलेले आहे. म्हणजे रूढी आणि शास्त्र या एका बाबतीत एकमताची होती.

आमच्याच जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेव आणि कुत्रा यांची कथा मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते: कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, देवा, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आम्ही शिक्षक ही कथा भूतदयेची किंवा अद्वैताची म्हणून शिकवतो, आणि ते योग्यही आहे. परंतु पिलाच्या यादीवर काट मारीत असताना आमचे लक्ष प्रथमच वाटीकडे गेले. कथेतले तूप कुत्र्यासाठी आहे. वाटी घराची आहे. घरच्या वाटीतले तूप कुत्र्याच्या तोंडच्या भाकरीवर घालावे, हीच तेराव्या-चौदाव्या शतकातील ऐकणाऱ्याला चकित करणारी गोष्ट असली पाहिजे. भांड्याच्या शिवाशिवीचे भय ज्या समाजाच्या हाडीमाशी होते, त्या समाजाला सांगितलेली ही कथा आहे. ते भय वजा केले की कथेतून केवळ एक मायाळू माणूस उरतो.

हे भय कोठून आले हे सांगताना आमच्या गावाचे नाव आडनावात वागवणाऱ्या नरहर कुरुंदकरांची (१९३२–१९८२) आठवण होणे स्वाभाविक आहे. कुरुंदकरांनी मनुस्मृतीवर स्वतंत्र लेखन केले, आणि ग्रंथ न वाचता त्याची पूजा करणारे व न वाचता त्याला शिव्या देणारे या दोघांनाही मूळ पाहण्याची सवय लावण्याचा प्रयत्न केला. ती सवय ठेवून दहाव्या अध्यायातील चांडाळांविषयीचे श्लोक पाहावेत. त्यांची वस्ती गावाबाहेर असावी, कुत्री आणि गाढवे हेच त्यांचे धन असावे, मृतांची वस्त्रे त्यांनी नेसावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे. कुत्रा आणि फुटके भांडे येथे एकाच ओळखीच्या खुणा म्हणून शेजारी शेजारी येतात. तिसऱ्या अध्यायात, वैश्वदेवानंतर जमिनीवर अन्न कोणासाठी ठेवायचे त्यांच्या यादीतही कुत्रे, पतित आणि चांडाळ एका दमात मोजलेले आहेत. फुटके भांडे हा दारिद्र्याचा परिणाम नव्हे, ती आज्ञा आहे, हे ध्यानात आले की आमच्या आईच्या साध्या, काटकसरीच्या वाक्याचा अर्थ बदलतो.

कारण माळ्यावरची ती कपबशी कोणाची, हे आम्हाला ठाऊक होते. चिनी मातीची, निळ्या काठाची, कानाला टवका गेलेली ती कपबशी आमच्या लहानपणी गोठ्याच्या वळचणीला उपडी घातलेली असे. घरी काम करणाऱ्या गड्याला चहा तिच्यातून मिळे. तो स्वतः ती काढी, चहा वरून ओतून घेई, पिऊन झाल्यावर स्वतः धुई आणि पुन्हा तेथेच ठेवी. कोणी त्याला तसे करण्यास सांगितल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. सांगण्याची गरज संपलेली होती. पुढे केव्हातरी ती प्रथा आमच्या घरात बंद झाली. कोणत्या दिवशी बंद झाली हे कोणालाही आठवत नाही. कपबशी तेवढी माळ्यावर गेली.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. मराठी मुलखात कुत्र्याचे म्हणता येईल असे एक भांडे आहे, आणि ते पूज्य आहे: खंडोबाच्या वाघ्याचा कोटंबा. या चौकोनी पात्रात भंडारा आणि भिक्षा घेतली जाते, त्याची पूजा होते. विशिष्ट विधींच्या वेळी वाघ्ये देवाचे कुत्रे होऊन भुंकतात आणि कोटंब्यातले अन्न तोंडाने खातात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आमच्या भागातील लोकांना जवळची; तेथे घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. म्हणजे खऱ्या कुत्र्याला खापर, आणि कुत्रा झालेल्या माणसाला मानाचे पात्र. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’त (१९७६) पडक्या देवळाच्या गाभ्यात एक कुत्री आपल्या पिलांसह राहते, तिच्यापाशी अर्थातच काहीही नाही, आणि तरी ती जागा तिचीच वाटते. कोलटकरांच्या नजरेला हे दिसले, ते त्यांना कुत्र्याविषयी लोभ होता म्हणून. ‘काळा घोडा’च्या कवितांतही पहिला मान त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यालाच दिला आहे.

कुत्र्यासाठी दाम मोजण्याच्या इतिहासातले गाजलेले प्रकरण मात्र मुंबईचे, आणि ते पाळण्याचे नसून मारण्याचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने उन्हाळी महिन्यांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम केला होता, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस दिले जाई. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांतली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात अंत्यविधीच्या वेळी प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. त्यांच्या दृष्टीने हा धर्मावरच घाला होता. जून १८३२ मध्ये कोटात दंगल झाली, दुकाने बंद पडली, आणि लष्कर बोलवावे लागले. आठ आण्यांच्या या हिशेबाने एक नवा प्रश्न निर्माण केला: हा कुत्रा कोणाचा आहे, हे शिपायाने लांबून कसे ओळखावे? शहरात पट्ट्याला महत्त्व आले ते याच प्रश्नामुळे, असे आम्हाला वाटते. गळपट्टा दागिना म्हणून नव्हे, अभयपत्र म्हणून आला. खेड्यात त्याची गरज नव्हती. कोणता कुत्रा कोणाच्या आखाड्यावरचा हे गाव जाणत असे.

आता यादीतल्या शेवटच्या कलमांकडे वळू, कारण काटकसरीचा खरा प्रश्न तेथेच आहे. गादी, खाद्य, दोरी, भांडे यांना घरात पर्याय होता आणि आहे. लसीला पर्याय नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर आमच्या आजोबांच्या पिढीला मांत्रिक, मिरची आणि डाग एवढेच ठाऊक होते. पाश्चरची लस १८८५ ची. हिंदुस्थानात कसौलीला १९०० साली आणि कुन्नूरला १९०७ साली पाश्चर संस्था निघाल्या. नंतर सरकारी दवाखान्यांतून मिळू लागलेली ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ मेंढ्यांच्या मेंदूपासून केलेल्या लसीची असत. त्यांचे भय असे, की कुत्रे चावल्याचे पोरे घरी लपवीत. ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडावर मोजक्या सुया पुरतात आणि सरकारी रुग्णालयात त्या विनामूल्य मिळतात. पण माणसाला सुई टोचण्याची वेळ येऊ नये यासाठी कुत्र्याला टोचावी लागते, हे गावात अजून नीट रुजलेले नाही. दुसरा रोग पार्व्होचा. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगापुढे आला आणि दोन वर्षांत सर्व खंडांत पसरला. नामदेवांच्या कुत्र्याला तो ठाऊक नव्हता, आमच्या आजोबांच्या कुत्र्यालाही नव्हता. “आम्ही कधी काही टोचलं नाही, तरी कुत्री जगली” हे म्हणणे त्यांच्या काळापुरते अर्धवट खरे होते. आज रक्ताच्या हगवणीने सगळी वेत दोन-तीन दिवसांत जाते.

तेव्हा हजार रुपयांतले बहुतेक पैसे आम्ही सुईसाठी राखून ठेवले. वसमतच्या पशुवैद्यांनी पिलू दीड-दोन महिन्यांचे असल्याचे सांगितले, जंताचे औषध दिले, पार्व्होची पहिली सुई टोचली, पुढच्या तारखा कार्डावर लिहून दिल्या आणि रेबीजची सुई तीन महिने पूर्ण झाल्यावर आणण्यास सांगितले. ही सुई जनावरांच्या सरकारी दवाखान्यांतून अनेक ठिकाणी, विशेषतः २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाच्या आसपास, फुकट टोचली जाते, तेव्हा चौकशी करावी. नुसते गाईचे दूध पाजू नका, त्याने पोट बिघडते, असेही त्यांनी बजावले. ज्वारीची भाकरी, वरण, उकडलेले अंडे चालेल, कांदा घातलेले कालवण नको. पिशवीबंद खाद्याचे कलम असे गळले. सुताचा मऊ पट्टा घेतला, कारण पिलू वाढते आणि महागाचा पट्टा दोन महिन्यांत गळ्याला काचू लागतो. साखळीऐवजी दाव्याचा तुकडा कापला. बैलाच्या सामानातून कुत्र्याला एवढे तरी मिळाले.

आणि एक भांडे घेतले. जड बुडाची, पसरट स्टीलची थाळी, शंभराच्या आतली. बंधूंनी हिशेबाचे पान पुन्हा पाहिले. घरात भांडे असताना हे कशाला, असे ते म्हणतील अशी आमची अपेक्षा होती. ते काही बोलले नाहीत. बोलली ती पुतणी. माळ्यावरून कपबशी तिनेच उतरवली होती; ती पुसत तिने विचारले, “ही कोणाची होती, काका?” आम्ही गड्याचे नाव सांगितले. तो आता थकला आहे, कधीमधी येतो, ओसरीवर आमच्याबरोबर आमच्याच कपातून चहा घेतो. पुतणीला तो आजोबा म्हणून ठाऊक आहे. “मग त्यांची वेगळी का होती?” यावर ओसरीवर जे चौघे मोठे बसलो होतो, त्यांतल्या कोणालाही एका वाक्यात उत्तर देता आले नाही. मराठीचे अध्यापन करून आयुष्य गेलेल्या आम्हालाही नाही.

त्या गड्याच्या कपात पिलाला दूध घालणे ही आईच्या मते काटकसर होती. तिच्या मनात दुसरे काही नव्हते, याविषयी आम्हाला शंका नाही. मनूच्या श्लोकाचे तिने नावही ऐकलेले नाही. श्लोक न ऐकताच तो पाळला जातो, हीच त्याच्या आयुष्याची लांबी. बंधू म्हणाले, “फोडून टाका ती.” आई म्हणाली, “राहू द्या.” का राहू द्यायची हे तिने सांगितले नाही, आणि ती पुन्हा वर गेली.

पिलाने पहिल्याच दिवशी नवी थाळी पंजाने उलटी केली आणि भाकरीचा कुस्करा जमिनीवरून खाल्ला. आता ते तिच्यात पाणी पिते, आणि दुपारी ऊन वाढले की तिच्यातच बसते.