सुरतेतली औटकी

गेल्या दिवाळीनंतर आठ दिवसांची रजा टाकून धाकट्या बहिणीकडे सुरतेला गेलो होतो. तापीकाठचा किल्ला आणि इंग्रज-डचांच्या जुन्या कबरी पाहायच्या हा बेत. पण पहिल्याच सकाळी भाच्याने गणिताची वही भिंतीवर भिरकावली आणि पलंगाखाली जाऊन बसला. सात वर्षांचा पोर. वर्गात त्याची चुकलेली गणिते मोठ्याने वाचून दाखवली गेली, मुले हसली, तेव्हापासून वही दिसली की रडू. शेवटी बहिणीने त्याला वर्षभर घरीच शिकवायचे ठरवले. भावोजींना ते पसंत नाही. घरात त्यावरून अबोला आहे हे मला चहाच्या कपांवरूनच कळले.

टेबलावर चार प्रकारची पुस्तके होती: एनसीईआरटीचे नवे ‘जॉयफुल मॅथेमॅटिक्स’, गुजरात बोर्डाचे, सिंगापूर पद्धतीची महागडी वही आणि आमच्या आईने मुद्दाम पाठवलेले बालभारतीचे. “दादा, तू बी.ए. झालेला, तूच सांग यातले कुठले घेऊ?” मी इतिहासवाला. गणितात मला जेमतेम पस्तीस मार्क मिळत. पण त्याची वही उचलून पाहिली, तर चुका एकाच जातीच्या. पंचवीस सांगितले की ५२, सदतीस म्हटले की ७३. पोर ढ नव्हते. जे आधी ऐकू येते तेच आधी लिहीत होते. शाळेत ‘ट्वेंटी-फाइव्ह’, घरी ‘पंचवीस’, खाली गल्लीत गुजराती ‘पच्चीस’. त्याने कुणाचे ऐकायचे?

वाचकांना आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’, ‘तीस सात’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर (२०२३ साली त्या गेल्या). जुनी नावे काढलेली नव्हती, नवी सोबत दिली होती. पण थट्टा करणाऱ्यांना तेवढे वाचायला सवड नव्हती. त्या थट्टेत मीही होतो हे इथे कबूल करतो. आपल्या शेजारचा कानडी माणूस पिढ्यान् पिढ्या ‘इप्पत्तैदु’ म्हणजे ‘वीस-पाच’च म्हणतो, हे तेव्हा सुचले नाही.

आणि हा वाद सुरतेला तरी नवा नाही. गणित कुठल्या पुस्तकातून शिकवावे हा प्रश्न या शहरात दोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. तोवर गावठी शाळेत धुळीच्या पाटीवर आकडे आणि तोंडाने ‘आंक’ घोकणे एवढेच असे. आपल्याकडे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. त्यांच्याकडे पाया, अडधा, पोणा, सवाया, दोढा आणि ऊठां. औट म्हणजे साडेतीन. ‘औट घटकेचे राज्य’ त्यातलेच. गुजरातीत ‘ऊठां भणाववां’ म्हणजे एखाद्याला बनवणे! साडेतीनच्या पाढ्याने किती पिढ्या गांगरल्या असतील याची ही साक्षच म्हणायची. पण ही घोकंपट्टी निरर्थक नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मण-शेर-पावशेर असा हिशेब असताना पेढीवरच्या पोराला पाउणकी तोंडपाठ हवीच. आपल्या गोव्यातही रुपयाचे सोळा टांगच होते.

१८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी पाश्चात्त्य पद्धतीची गणिताची पुस्तके मराठीत केली, करवून घेतली. ती गुजरातीत आणण्याच्या कामी भरूचचे रणछोडदास गिरधरभाई होते. १८२६ मध्ये सुरतेत सरकारी गुजराती शाळा निघाल्या. पुढे अशाच एका सरकारी शाळेवर दुर्गाराम मेहताजी आले. कवी नर्मद लहानपणी काही काळ त्यांच्याच हाताखाली शिकला. ‘मेहताजी’ म्हणजे मास्तरही आणि हिशेबनीसही, यावरूनच जुनी शाळा कशासाठी होती ते समजते. या दुर्गारामांनी १८४४ साली मानवधर्म सभा काढली, मंत्र-तंत्रवाल्यांना उघड आव्हाने दिली. त्या सभेत त्यांच्या जोडीला आपले मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. ते तेव्हा सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. दादोबांचे आत्मचरित्र संपादून छापले ते आपल्या प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी, म्हणजे सुरतेचा हा धागा गोव्यापर्यंत येतोच.

घरी शिकवणे म्हणजे काहीतरी परदेशी फॅड, असे भावोजींचे म्हणणे. त्यांना मी आपल्या शणैमामांची गोष्ट सांगितली. पोर्तुगीज अमदानीत मराठीचे शिक्षण टिकले ते कुणाच्या पडवीत, कुणाच्या देवळाच्या चौकात बसणाऱ्या अशा मास्तरांमुळे. आमचे आजोबा तसेच शिकले आणि म्हातारपणीही नारळाचा हिशेब दिडकीने करत. मात्र त्याच आजोबांच्या पाठीवर छडीचे वळ उठले होते, तेही पाढ्यांपायीच. हे सांगितल्यावर भावोजी प्रथमच हसले.

पुस्तकाचे म्हणाल तर बहिणीने बालभारतीचे ठेवले, बाकीची कपाटात गेली. सिंगापूरची वही मात्र भावोजींनी पैसे दिलेत म्हणून वरच्या कप्प्यात! पहिले तीन दिवस आम्ही वही उघडलीच नाही. भावोजींच्या कारखान्यातली धाग्याची रिकामी बॉबिने आणली, दहा-दहा रबराने बांधली. दोन गठ्ठे आणि सुटी पाच. “मामा, वीस आणि पाच,” तो म्हणाला. मग स्वतःच थांबून, “पंचवीस पण हेच ना?”

लिहिताना मात्र त्याने त्या दिवशीही ५२ च लिहिले. मग गठ्ठ्यांकडे पाहिले, खोडले, आणि वही फेकली नाही.