शिफारस पोचली, प्रबंध कुठे राहिला?

नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) ग्रंथालयाची गोष्ट 1838 पासून सांगावी लागते. आजचं जिल्हा वाचनालय त्या सालचं. मुंबई विद्यापीठ निघालं 1857 ला, म्हणजे त्याच्या आधी एकोणीस वर्षं इथे वाचनालय होतं. जिल्ह्यात विद्यापीठ यायला मात्र 1968 उजाडलं. राहुरीच्या त्या कृषी विद्यापीठाला नाव मिळालं महात्मा फुल्यांचं, म्हणजे ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याचं.

राहुरीचं संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचलंच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. डाळिंबाची भगवा जात पाहा, उसाची फुले 265 पाहा. ‘कृषिदर्शनी’ तर दरवर्षी घरोघर जाते. पण पोचली ती शिफारस. एवढं अंतर ठेवा, एवढं खत द्या. ती कोणत्या जमिनीत, किती पावसावर, किती हंगाम तपासली, हे असतं प्रबंधात. आणि प्रबंध इंग्रजीत, जाड पुठ्ठ्यात बांधलेला, मोजक्या प्रतींचा. विद्यापीठीय ग्रंथालयांची जुनी रीत अशी, की तो घरी न्यायचा नाही, तिथेच बसून वाचायचा. आता जामखेडच्या ज्वारीवाल्याने त्यासाठी एसटीने राहुरी गाठायची?

इतर विषयांचं दुखणं वेगळं. नगरची महाविद्यालयं 1949 पासून पुणे विद्यापीठाखाली. निजामशाहीवर, सहकारावर, इथल्या दुष्काळावर कुणी पीएच.डी. केली, की प्रबंध जायचा पुण्याच्या जयकर ग्रंथालयात. नगरवरचा अभ्यास वाचायला नगरकराने सव्वाशे किलोमीटर जायचं!

2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केला, की पीएच.डी.चा प्रबंध संगणकीय रूपातही द्यायचा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘शोधगंगा’ त्यातून भरत गेली. शेतीसाठी ‘कृषिकोश’ झाला, त्यात राहुरीचेही प्रबंध आहेत. हे वाचायला कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही. उघडलात तर आमचं ऐका, प्रस्तावनेत अडकू नका. ‘साहित्य आणि पद्धती’ हे प्रकरण काढा, बहुधा तिसरं असतं. मातीचा सामू, पावसाचे आकडे, पेरणीची तारीख, सगळं तिथे. इंग्रजी अडलं तरी तक्ता कळतो. आपल्या शेताशी जुळतं का ते तिथेच दिसतं.

प्रबंधाचं असं झालं. संशोधन नियतकालिकांचं अजून नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांना 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं. पैसा तुमच्या-आमच्या कराचा. वाचणार कोण? सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांतले विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक. योजना चांगलीच आहे, लहान महाविद्यालयांना असं भांडार कधी परवडलं नसतं. पण 1838 च्या वाचनालयाचा सभासद त्या यादीत बसत नाही. आणि राहुरीत शिकणाऱ्या पोराला जो लेख आज उघडतो, तो पदवी घेऊन गावी शेती करायला आल्यावर त्याला बंद होतो.